हाताने केलेला दाढीचा साबण : फेस टिकतो कशाने?

ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा रेंजच नव्हती, अशांसाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय एकदम घरगुती : दाढी. आमच्या जानेफळात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावायला जातात आणि आल्यावर रोज दाढी करतात. रोज दाढी म्हणजे रोज मानेवर आग आणि बारीक पुटकुळ्या. मीही त्यातलाच. म्हणून एका प्रदर्शनातून हाताने केलेला दाढीचा साबण आणला. वास चंदनाचा, डबी देखणी. पण फेस? मोठमोठे बुडबुडे आले आणि एक गाल होईस्तोवर दुसऱ्या गालावरचा फेस वाळून गेला. मान लालभडक.

डबी घेऊन गेलो सलूनवाल्या काकांकडे. त्यांनी ब्रश ओला करून चार वेळा फिरवला आणि म्हणाले, "बाबू, हे तं आंघोळीचं साबन व्हय. डबी फक्त नवी."

काकांना हे एवढ्यात कसं कळलं? तेच आज समजून घेऊ.

फेसाचं काम काय?

आंघोळीचा साबण मळ काढतो आणि धुतला जातो. दाढीच्या साबणाने उलट, चेहऱ्यावर टिकून राहायचं असतं. त्याची कामं दोन. एक, केसाला पाणी धरून ठेवणं, कारण दोन-तीन मिनिटं भिजलेला केस मऊ होतो. दोन, पातं आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणं. म्हणून इथे बुडबुडे मोठे नकोत. दह्यासारखा दाट, बारीक फेस पाहिजे.

सोडा की पोटॅश?

साबण म्हणजे तेल अधिक अल्कली. कॉस्टिक सोडा वापरला तर वडी कडक होते. कॉस्टिक पोटॅश वापरलं तर साबण मऊ होतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. दाढीच्या चांगल्या साबणात बहुतेक वेळा दोन्ही असतात, किंवा नुसतं पोटॅश. आंघोळीच्या वडीत मात्र साधारणपणे नुसता सोडा.

आता गंमत ऐका. साबणाचा कच्चा माल आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मेहकरच्या पलीकडचं लोणार सरोवर इतकं अल्कधर्मी आहे की पाण्याचा पीएच दहाच्या वर जातो, आणि त्या क्षारांत मुख्य म्हणजे सोडाच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने लोणारच्या डोंगरांबद्दल नोंद केली आहे की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. सोड्यात चुना मिसळला की कॉस्टिक सोडा तयार होतो. जुनी युक्ती तीच. लाकडाच्या राखेतून मात्र पोटॅश मिळतं. पण प्रयोगासाठी लोणारला जाऊ नका हं! ते अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही. तिथला चिमूटभर क्षारही उचलायचा नाही.

तेल कोणतं?

खोबरेल पटकन भरपूर फेस देतं, पण तो लवकर विरतो आणि जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. माझ्या पहिल्या डबीत बहुधा तेच झालं होतं. आपल्याकडे सोयाबीन उदंड, पण त्या तेलाचा साबण मऊ होतो आणि फेस पातळ येतो. दाट फेसासाठी स्टिअरिक आम्ल लागतं. परदेशात पूर्वापार ते जनावरांच्या चरबीतून घेत. आपल्याकडे त्याला झकास पर्याय आहे, कोकणातलं कोकमाचं घट्ट तेल. हो, आजी टाचेच्या भेगांना लावते तेच! त्यात जवळजवळ निम्मं स्टिअरिकच असतं. थोडं एरंडेल घातलं की निसरडेपणा वाढतो.

आणि खरा व्हिलन : पाणी

मग मी कोकणातल्या एका छोट्या उत्पादकाचा, कोकम तेलाचा साबण मागवला. पहिल्या दिवशी तोही फसला! पैसे बुडाले म्हणून वैतागलो होतो. तेवढ्यात शाळेतला एक शब्द आठवला, दुष्फेन पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. ते साबणाशी जुळून पांढरा साका करतात, फेस होऊ देत नाहीत. घाटाखाली खारपाणपट्ट्यातल्या मंडळींना खाऱ्या पाण्याबद्दल मी वेगळं काय सांगणार!

घरी करून बघा. दोन बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओच्या जारचं. दोन्हींत साबणाचा सारखाच किस टाकून हलवा. फरक डोळ्यांना दिसेल. पाणी उकळून काही क्षार खाली बसतात, सगळे नाहीत. फेसाला लागतं फक्त चार-पाच चमचे पाणी, तेवढं जारमधलं घ्या. तोंड बोअरच्या पाण्याने धुतलं तरी चालेल.

जारच्या पाण्यात कोकमवाल्या साबणाचा फेस शेवटपर्यंत टिकला. पहिल्या डबीचा याही पाण्यात विरला. म्हणजे एक साबण खरंच चुकीचा होता, आणि दुसऱ्यावर मी विनाकारण आळ घेणार होतो.

घेताना काय बघायचं?

- घटकांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि स्टिअरिक आम्ल किंवा कोकम तेल आहे का.
- उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक. दाढीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, त्यामुळे घरगुती उत्पादकालाही विक्रीसाठी परवाना लागतो.
- "पीएच 5.5" असं लिहिलंय? खरा साबण नेहमी अल्कधर्मीच असतो, साधारण नऊ-दहा. असा दावा करणारा एकतर साबण नाही, नाहीतर दावा खोटा.
- आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून, धुवून एक दिवस थांबा. आग झाली तर चेहऱ्याला लावूच नका.

आणि सलूनमध्ये साबण कोणताही असो, पातं नवंच लावायला सांगा. वापरलेल्या पात्यातून कावीळ-बी आणि एचआयव्हीचा धोका असतो. तुरटी फिरवल्याने तो जात नाही.

माझ्या मानेवरची आग आता बरीच कमी झाली आहे. अर्धं श्रेय साबणाला, अर्धं त्या चार चमचे पाण्याला. तेव्हा गावातल्या कुणी केलेला साबण फसला, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा पाणी बदलून बघा.

भेटू पुढच्या भागात!