झाकण तोलणारा दांडा : काय मोजायचं, काय निवडायचं

तत्त्वज्ञानाच्या माणसानं पलंगावर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न आमच्याच विषयातला आहे : जे मोजलं, तेच आपल्याला हवं होतं का?

सामान ठेवायच्या पलंगाचं झाकण ज्यावर तोललं जातं, त्या दांड्याला बाजारात ‘हायड्रॉलिक पंप’ म्हणतात. नाव फसवं आहे. आत थोडं तेल असतं, पण जोर लावतो तो दाबून भरलेला नायट्रोजन वायू. खरं नाव गॅस स्ट्रट. वर्षं जातात तसा वायू झिरपतो, आणि एक दिवस गादीसकट झाकण खाली येतं. खाली कुणाचा हात असेल, सांगता येत नाही. पलंगात लपायला मुलांना फार आवडतं.

तेव्हा आधी जुन्या नळीवरचा छापील आकडा बघा. ‘६०० एन’ म्हणजे ६०० न्यूटन. ९.८१ नं भागा, साधारण ६१ किलोचा जोर. हा जोर २० अंश सेल्सिअसला, दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा असतो.

आकडा पुसला असेल तर? काढलेला स्ट्रट दांड्याची बाजू खाली करून, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून, वजनकाट्यावर उभा धरा आणि सरळ दाबा. दांडा सरकायला लागला की काटा वाचा. हळूहळू सोडताना पुन्हा वाचा. घर्षणामुळे दाबताना आकडा जास्त दिसतो, सोडताना कमी. झाकण पेलायला उपयोगी पडतो तो सोडतानाचा. किलोला ९.८१ नं गुणलं की न्यूटन मिळाले.

आता इथंच थांबा! थकलेला स्ट्रट मोजून तुम्हाला कळलं ते त्याचं आजचं बळ. ‘आहे’ वरून ‘असायला हवं’ निघत नाही. तेवढ्याच जोराचा नवा आणलात, तर दुखणं पैसे देऊन परत आणलंत.

हवं ते झाकणाला विचारा. समजा, गादीसह वजन ४० किलो, म्हणजे सुमारे ४०० न्यूटन. ज्या उंचीवर झाकण तोलून राहायला हवं, तिथं वजनाचा मध्य बिजागरीपासून आडवा ६० सेंटीमीटर आहे, आणि स्ट्रटच्या रेषेचं बिजागरीपासून काटकोनातलं अंतर २० सेंटीमीटर. ४०० गुणिले ६०, भागिले २०, झाले १२०० न्यूटन. स्ट्रट दोन, म्हणून प्रत्येकी ६००. थंडीत वायूचा दाब उतरतो. ५ अंशाला हेच ६०० सुमारे ५७० होतात. म्हणून थोडं वरचं माप घ्यावं. थोडंच हं! फार जोरकस घेतलात तर झाकण बसत नाही, आणि प्लायमधले स्क्रू उखडतात.

जोराबरोबर पूर्ण उघडी लांबी, दांड्याची सरक आणि टोकांची जोडणी जुन्यासारखीच हवी. बदलताना जोडी बदला, कारण दुसराही तितकाच थकलेला असतो. काढण्याआधी गादी उतरवा, झाकणाला भक्कम लाकडी टेकू द्या. जुनी नळी कापू नका, तापवू नका. आतला दाब गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी पट असतो.

मापन खोटं बोलत नाही, मंडळी. पण आपण जे विचारलं, तेवढंच ते सांगतं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.