वेग कुठे थांबतो?

आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. 1661 मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाला कोंडून शरण आणणाऱ्या मराठ्यांना हा किल्ला का मिळाला नाही? तोफा कमी पडल्या, असे म्हणतात. ते खरे, पण पुरेसे नाही. गनिमी कावा चालत्या शत्रूवर चालतो. किल्ल्याचा धनी असलेल्या सिद्दीला हलायचेच नव्हते आणि त्याची रसद समुद्रातून येई. 1682 मध्ये संभाजीराजांनी किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू घालायला घेतला, तोच मोगल कोकणात उतरले आणि फौज वळवावी लागली. वेगाला मोकळी वाट लागते: 1991 च्या आखाती युद्धात फ्रेंचांची हलकी चिलखती तुकडी झपाट्याने इराकमध्ये घुसली, कारण पुढे मोकळे वाळवंट होते. जंजिरा संस्थान मात्र 1948 मध्ये विलीनीकरणानेच भारतात आले.