एसजीपीटी नॉर्मल

चाकण चौकातून महाळुंगे-खराबवाडीच्या बाजूला वळलं की खानावळी, मोबाइल रिचार्ज आणि 'रूम भाड्याने देणे आहे' या पाट्यांच्या गर्दीत पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्याही चिकार दिसतात. ठेकेदाराकडे नाव लावायचं तर आधी मेडिकल करावं लागतं. ओळखीतल्या एका तरुण वेल्डरचा असाच एक रिपोर्ट काही वर्षांपूर्वी माझ्या हातात आला. एचबीएसएजी : रिअ‍ॅक्टिव्ह. खालच्याच ओळीत, एसजीपीटी : नॉर्मल. पोराला काम नाकारलं होतं. (एका कँटीनमध्ये जेवल्याने किंवा एकच पाना हाताळल्याने हिपॅटायटिस बी होत नाही, हे एचआरवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं.) मला मात्र त्या दोन ओळींनी पछाडलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात ठाण मांडून बसलाय (एचबीएसएजी) आणि यकृताला त्याचं सोयरसुतक नाही (एसजीपीटी), हे एकाच कागदावर कसं?

उत्तराचा पहिला भाग पाठ्यपुस्तकी आहे, तो उरकून टाकतो. हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः सहसा मारत नाही. नासधूस होते ती आपल्याच टी पेशींच्या हल्ल्यात; तो हल्ला क्षीण असेल तर एसजीपीटी नॉर्मल राहतं. धडधाकट माणसाला मोठेपणी लागण झाली तर पाच टक्क्यांहून कमी जणांत तो मुक्काम ठोकतो. जन्मताना आईकडून आला तर मात्र सुमारे नव्वद टक्के बाळांत तो कायमचा राहतो. आपल्याकडे हिपॅटायटिस बीची लस देशभरच्या लसीकरणात आली २०११ च्या सुमारास. म्हणजे आज असेंब्ली लाइनवर उभी असलेली पंचविशी-तिशीतली पिढी त्याआधी जन्मलेली. त्यातल्या बहुतेकांना ती सरकारी दवाखान्यात मिळालीच नाही.

खरी मौज पुढे आहे. टी पेशी विषाणूचा निकाल लावतात तरी कशा? जुनं उत्तर सरळ होतं : लागण झालेली पेशी हुडकायची आणि मारायची. पण तीव्र लागणीत यकृताच्या जवळजवळ सगळ्याच पेशींत विषाणू असू शकतो. सगळ्या मारल्या तर माणूसच जाईल, आणि बहुतेक माणसं तर ठणठणीत बरी होतात. हा हिशेब जुळत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फ्रान्सिस चिसारी आणि लुका गुइदोत्ती यांनी आधी उंदरांत आणि मग चिंपांझींत या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९९९ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी दाखवलं की यकृतात टी पेशींची मोठी फौज उतरण्याच्या आणि यकृताला सूज चढण्याच्या बऱ्याच आधी विषाणूचा बहुतेक डीएनए नाहीसा झालेला असतो. पेशी न मारता! टी पेशी इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ हे निरोप सोडतात आणि ते पोचले की यकृताची पेशी आतल्या आत विषाणूची छपाई बंद पाडते. पेशी मारणं लागतंच, पण उरलेली साफसफाई म्हणून. 'मारा' पक्षाच्या लोकांनी हे लगेच मान्य केलं नाही. मला मात्र रोगप्रतिकारशास्त्रातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

मग वेल्डरच्या यकृतात हे निरोप का सुटत नाहीत? सुटतात, पण क्षीण. टी पेशीवर पीडी-१ नावाचा ग्राही असतो, जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेला. तो या पेशीचा ब्रेक. वर्षानुवर्षं विषाणू समोर असला की ब्रेक दाबलेलाच राहतो. मूळचे हैदराबादचे, अमेरिकेत एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद यांच्या गटाने २००६ साली उंदरांत हा ब्रेक सोडवून दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लावल्या. पाठोपाठ २००७ मध्ये इटलीतल्या पार्मा इथल्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या रक्तातल्या टी पेशींवर परीक्षानळीत तेच करून पाहिलं. थोडंफार जमलं.

इथवर वाचून मलाही वाटत होतं की ब्रेक म्हणजे खलनायक. ते मत डळमळलं पुण्यातल्या कामामुळे. चाकणहून पाषाणला जायला, नाशिक फाट्याने कृपा केली तर, तासभर लागतो. तिथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विद्या अरणकल्ले यांनी कावीळ हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. त्यांच्यासोबत अनुराधा त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी २०१२ आणि २०१४ मध्ये हिपॅटायटिस ईच्या रुग्णांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या. हा दूषित पाण्यातून येणारा आजार. गरोदर बायकांना तो जिवावर बेतू शकतो, पण एरवी बहुधा आपोआप ओसरतो. काविळीची माळ आणि चुन्याच्या पाण्यात हात धुणं यांची सगळी कीर्ती अशाच आजारांवर उभी आहे. बी बाळगणाऱ्याचे डोळे सहसा पिवळे होत नाहीत, त्यामुळे तो माळवाल्याकडेही फिरकत नाही.

पुण्याच्या तपासात काय दिसलं? बऱ्या होणाऱ्या या आजारातही नियंत्रक टी पेशी, म्हणजे बाकीच्यांना आवरणाऱ्या पेशी (हाही एक ब्रेकच), वाढलेल्या होत्या आणि आपलं आवरण्याचं काम करत होत्या. या शोधनिबंधांचा फारसा गवगवा झाला नाही. माझ्या वाचनात त्यांचा अर्थ मोठा आहे : ब्रेक लागणं म्हणजे शरीर हरणं नव्हे, यकृत वाचवण्याची ती नेहमीची रीत आहे. ईमध्ये काम संपलं की तो सुटतो. बीमध्ये काम संपतच नाही.

पीडी-१चा ब्रेक औषधाने सोडवला तर? न्यूझीलंडच्या एडवर्ड गेन यांनी तेही केलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या चाचणीत सुमारे दोन डझन रुग्णांना कर्करोगावरचं निव्होलुमॅब अगदी कमी मात्रेत दिलं. एकाच रुग्णाचं एचबीएसएजी पूर्ण गेलं, आणि त्याचं एसजीपीटी त्याआधी सणसणून वर चढलं होतं. नॉर्मल एसजीपीटीची किंमत काय असते, ते या एका माणसात दिसलं.

तेव्हा सध्या हाताशी आहे ते टेनोफोव्हिर. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते मोफत मिळतं. ते विषाणूची नक्कल रोखतं, पण यकृतपेशीच्या केंद्रकात दडलेल्या त्याच्या मूळ प्रतीला हात लावत नाही. आणि नॉर्मल एसजीपीटीवाल्या प्रत्येकाला ते लगेच लागतंच असं नाही. तिशी-चाळिशीत ही शांतता मोडू शकते, म्हणून त्याला हवी असते दर सहा महिन्यांनी तपासणी : एसजीपीटी, विषाणूचा डीएनए, गरजेनुसार सोनोग्राफी. पण नोकरीच्या मेडिकलमध्ये डीएनएची तपासणी सहसा नसते, आणि ठेकेदार बदलला की नवा मुकादम पुन्हा पहिल्यापासून तीच एचबीएसएजी करायला लावतो.