गुरे चरतात वर, हिशेब राहतो मुळांत



विज्ञानाच्या पुस्तकात गवत म्हटले की पाने, प्रकाश व हरितद्रव्य यांचे वर्णन येते. मुळांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. वास्तविक गवताळ जमिनीत वनस्पतींचा निम्म्याहून अधिक भार बहुधा जमिनीखालीच असतो. गाय जे खाते ते वरचे. खालचे कोण खाते, आणि गाय चरून गेल्यावर त्या खाण्यात काय फरक पडतो, हा या लेखाचा विषय आहे. परीक्षेत याच्यावर प्रश्न येणार नाही, तरी वाचा.

आपल्या माळव्यात राखलेल्या गवताच्या जमिनीला बीड म्हणतात. (महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना जिल्हा आठवतो; तो वेगळा.) गावाच्या सामायिक चराईच्या जमिनीला मध्य प्रदेशाच्या महसुली कागदांत चरनोई असे नाव आहे. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवतांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार केले आहेत. आपले पठार त्यांतल्या सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारात मोडते. साध्या भाषेत शेडा आणि मारवेल यांचा प्रदेश. ही बहुवर्षायू गवते. उन्हाळ्यात वरून वाळतात, पण मुळांतून जिवंत राहतात.

मूळ मेले की बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. कोवळा भाग लवकर संपतो, लिग्निन असलेला चिवट भाग वर्षानुवर्षे रेंगाळतो. जे कुजते त्यातले काही कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते, काही मातीच्या कणांना चिकटून राहते. काळ्या मातीचा कस म्हणतो तो बराचसा हाच. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरणात आहे त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा मुळे किती वेगाने कुजतात ही किरकोळ बाब नव्हे.

आता गुरे आत सोडू या. पान तुटले की गवत मुळांतून साखरेसारखी द्रव्ये अधिक प्रमाणात बाहेर सोडते. हॅमिल्टन व फ्रँक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये यलोस्टोन भागातील एका गवतावर हे दाखवले. त्या खाऊवर मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव वाढतात आणि गवताला नत्र अधिक मिळू लागते. शेण व मूत्र यांतूनही नत्र येते. हे महत्त्वाचे, कारण गवताच्या मुळांत कार्बन भरपूर पण नत्र थोडे. नत्र नसेल तर कुजवणारे जीव अडून बसतात. इथपर्यंत चराईने कुजण्याला गतीच मिळते.

उलट बाजूही आहे. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीवर खुरे पडली की तिच्यातली हवेची पोकळी दबते आणि हवा नसली की कुजणे मंदावते. वर झाकण न राहिल्याने माती तापते. थंड देशात उष्णतेने कुजण्याला वेग येतो. आपल्याकडे मात्र पाऊस थांबल्यावर ओल आधी उडते आणि काम थांबते. म्हणून परदेशातील एखादा निष्कर्ष उचलून इथे लावू नये. आपल्या मातीचा एक गुण मात्र मानावा लागेल: उन्हाळ्यात भेगा पडून ती स्वतःच काही प्रमाणात मोकळी होते.

माझ्या मते खरा प्रश्न कुजण्याच्या वेगाचा नाहीच, नवीन मुळे येतात की नाही याचा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातील क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत फार बोलके आहेत. पाल्याचा ४० टक्के भाग कापला तरी मुळांची वाढ चालू राहिली. ८० टक्के कापल्यावर ती काही दिवस पूर्ण थांबली. म्हणजे गाय अर्धे खाऊन पुढे गेली तर खाते चालू राहते. रोज त्याच बुंध्यावर आली तर खर्च चालू आणि जमा बंद. पुढे शेडा-मारवेल हटतात, कुसळी येते, शेवटी वर्षभरात मरणारी, उथळ मुळांची गवते उरतात. चरनोईवर अतिक्रमण झाले की उरलेल्या तुकड्यावर सगळ्या गावाची गुरे येतात आणि नेमके हेच घडते. दोष गुराख्याला देऊन आपण मोकळे होतो, ते बरोबर नाही.

मग चराई बंदच करावी का? झाबुआ जिल्ह्यात १९९४ नंतर पाणलोट कार्यक्रमात अनेक गावांनी टेकड्यांवर चराईबंदी केली. गवत कापून घरी न्यायचे, गुरे बांधून ठेवायची. उजाड टेकड्यांना त्याची गरज होतीच. पण कापलेल्या गवताबरोबर नत्रही घरी जाते आणि शेण टेकडीवर परत येत नाही. शिवाय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने हिमाचलातील स्पीती येथे १६ वर्षे कुंपण घालून तुलना केली. २०२२ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार, चरणारे प्राणी बाहेर ठेवलेल्या जागी मातीतील कार्बनचे वार्षिक चढउतार ३० ते ४० टक्क्यांनी अधिक होते. म्हणून पाळीपाळीने चराई आणि पावसाच्या सुरुवातीला गवताला विसावा, हे मला अधिक योग्य वाटते.

नववीच्या विद्यार्थ्यांना हे स्वतः मोजता येईल. एकाच गवताची मुळे धुवून, वाळवून, दोन-दोन ग्रॅम बारीक जाळीच्या नायलॉन पिशव्यांत शिवा. काही पिशव्या कुंपणाच्या आत, काही बाहेर, वीतभर खोल पुरा. दर महिन्याला दोन्हीकडची एक-एक काढून, माती झटकून, वाळवून वजन करा. बारीक जाळीतून वाळवी आणि गांडूळ आत शिरत नाहीत, त्यामुळे खरे कुजणे तुमच्या आकड्याहून थोडे अधिक धरा. पिशवीजवळ खूण म्हणून खिळा ठोका. पावसाळ्यात गवत वाढल्यावर जागा सापडत नाही.