बिजासन घाट आणि दोन सिमं

इंदूरच्या जेल रोडवर, डॉलर मार्केटच्या परिसरात मोबाइलचा मोठा बाजार आहे. स्मार्टफोन कितीही आले तरी तिथून बटणांचा साधा फोन हटलेला नाही. पण तो दोन सिमांचा का झाला, हे समजायला दूरसंचार खात्याचा नकाशा पाहावा लागतो.

मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल. मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी घरांचे सोयरे मात्र पुण्या-जळगावात. सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरला की फोन रोमिंगवर जायचा. 2007 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने दर खाली आणले, तरी रोमिंगमध्ये नुसता आलेला फोन घ्यायलाही मिनिटाला पावणेदोन रुपयांपर्यंत मोजावे लागत. म्हणून पाकिटात महाराष्ट्राचं वेगळं सिम. ते घालायचं म्हणजे नखाने झाकण उचका, बॅटरी काढा, सिम सरकवा, फोन चालू करा आणि बऱ्याचदा तारीख-वेळही नव्याने भरा. एवढ्यात धुळे मागे पडायचं!

ही कटकट आधी ओळखली ती चिनी आणि देशी कंपन्यांनी. नोकिया तेव्हा बाजाराची दादा, पण इथे गाफील राहिली. तिचा दोन सिमांचा सी2-00 भारतात आला तो 2011 मध्ये. तोवर मायक्रोमॅक्ससारख्यांनी बस्तान बसवलं होतं.

दोन सिमं म्हणजे दोन फोन, असा मात्र अनेकांचा गैरसमज असतो. बहुतेक साध्या फोनांत रेडिओ एकच. तो दोन्ही नंबरांवर आळीपाळीने कान ठेवतो. एकावर बोलणं सुरू झालं की दुसरा मुका होतो आणि तिकडून फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू येतं. ओळख मात्र दोन्हींची वेगळी: स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, पडद्यावर दोन आयएमईआय क्रमांक येतील.

पुढे घाटाचा धाक संपला. 2016 मध्ये जिओ मोफत रोमिंग घेऊन आली, 2017 मध्ये एअरटेलनेही देशांतर्गत रोमिंगचे पैसे बंद केले. दुसऱ्या सिमवर खरी कुऱ्हाड पडली ती 2018 च्या अखेरीस. नुसते फोन घेण्यासाठी ठेवलेल्या नंबरालाही एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने महिन्याला किमान 35 रुपयांचा रिचार्ज लावला. मिस्ड कॉलवर संसार चालवणाऱ्यांना हा भुर्दंडच होता. नंतर हा आकडा वाढतच गेला. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं. ज्याच्या फोनात इंटरनेटच चालत नाही त्याच्या गळ्यात रोजचा डेटा मारणं हा उघड अन्याय होता, आणि तो दूर व्हायला फार उशीर झाला.

टॉर्च, एफएम आणि दिवसेंदिवस पुरणारी बॅटरी हे या फोनचे जुने गुण. बाकीचे दोन घरच्यांनाही ठाऊक नसतात. केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार साध्या फोनवर 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की मदतीसाठी आपत्कालीन 112 ला फोन जायला हवा. शिवाय मार्च 2022 पासून ‘यूपीआय 123पे’मुळे इंटरनेटशिवाय, नुसता फोन लावून पैसे देता येतात.

नवा साधा फोन घेणार असाल तर कॅमेऱ्याकडे पाहूसुद्धा नका. जिओचं जाळं 4जी आणि त्यापुढचंच असल्याने त्याचं सिम 2जी फोनात चालत नाही, आणि जिओचेच स्वस्त बटणफोन दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाहीत. तेव्हा दुकानात दोनच गोष्टी विचारा: 4जी आहे का, आणि दोन्ही खाचांत कुठल्याही कंपनीचं सिम चालतं का? मग घरी आजीच्या हातात फोन देताना तिला 5 चं बटण दाखवून ठेवा.