राऊटरात कॉकटेल, लॅपटॉपात पेंग्विन

जुना लॅपटॉप पालथा घाला, मागचे स्क्रू काढा आणि चहाच्या बशीत जपून ठेवा. जमिनीवर ठेवलेत तर ते उद्याच्या केरातच सापडतील. झाकण निघालं की बहुतेक जुन्या लॅपटॉपांत रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल दिसतो, कधी उघडा, कधी प्लास्टिकच्या वेष्टनात दोन वायरींसकट. त्यावर लिहिलेलं असतं, सीआर २०३२. ही त्याची जन्मपत्रिका. 'सी' म्हणजे आत लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड, 'आर' म्हणजे गोल, २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ ध्यानात ठेवणं हे त्याचं काम.

मँगनीज डायऑक्साइड म्हटल्यावर तुमसरकराने कान टवकारलेच पाहिजेत. आपल्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गला 'मॉइल'ची उघडी खाण आहे. तिथलं खनिज टॉर्च-रेडिओच्या सेलांसाठी जातं, आणि इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही तिथेच आहे. लिथियम बॅटऱ्यांच्या 'एनएमसी' या जातीतला मधला 'एम'सुद्धा मँगनीजचाच. धान आणि मँगनीज यांच्या गावात बसून लॅपटॉपला परका समजण्यात अर्थ नाही.

तो लॅपटॉप उलटा घालण्याचं कारण मात्र रसायनशास्त्र नव्हतं. शेजारची पोरगी आली होती. "काकाजी, दुकानवाला म्हणते ह्याच्यात अकरा चालत नाही जी. नवीनच घ्या म्हणते."

'अकरा' म्हणजे विंडोज ११.

दहा गेलं, अकरा येईना

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. अकराला हवी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६-१७ मध्ये हौसेने घेतलेला, कीबोर्डही न झिजलेला लॅपटॉप एका तारखेनंतर म्हातारा ठरला.

पोरीच्या लॅपटॉपात मी पेनड्राइव्ह लावला, एफ १२ दाबलं आणि दीडेक मिनिटात लिनक्स मिंट समोर आलं. डिस्कला हातही न लावता पेनड्राइव्हवरूनच अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हे पाहिल्यावर लोकांचा चेहरा जादूगाराने कानातून नाणं काढल्यासारखा होतो. आवडलं तर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह उपटून घरी जा. कपड्याच्या दुकानातही इतकी मोकळीक नसते.

टाकलं. सगळं चाललं, वायफाय सोडून. नखाएवढ्या चिपचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट वायफायवर. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातलाच प्रकार. यावर उतारा साधा आहे: फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं, ड्रायव्हर उतरवायचा. पाच मिनिटांचं काम. ते ठाऊक नव्हतं तेव्हा माझा एक अख्खा रविवार गेला होता.

पेंग्विन खरंच चावला होता

लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन का? लिनस टोरवाल्ड्सला १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका छोट्या पेंग्विनने टोचलं होतं, आणि तो किस्सा तो आजवर रंगवून सांगतो. १९९६ मध्ये लॅरी युइंगने चित्र काढलं ते पोट भरलेल्या, निवांत बसलेल्या पेंग्विनचं. संगणकाच्या दुनियेत जेवून आडवं व्हायच्या बेतात असलेलं हे एकमेव बोधचिन्ह असावं.

आणि लिनसच्या मनातलं नाव 'लिनक्स' नव्हतंच, 'फ्रीक्स' होतं. फाइल्स ज्या सर्व्हरवर ठेवायच्या होत्या तिथल्या मित्राला, आरी लेम्केला, ते पसंत पडलं नाही. त्याने परस्पर फोल्डरला 'लिनक्स' नाव देऊन टाकलं. आपल्याकडे बारशाला आत्या लागते, तिथे सर्व्हर सांभाळणाऱ्याने काम भागवलं.

निळ्या-काळ्या डब्याची गोष्ट

आता टेबलावरच्या दुसऱ्या वस्तूकडे या. राऊटर. सगळ्यांच्या घरात आहे आणि त्याला कोणी संगणक म्हणत नाही, हीच त्याची गंमत. त्याला प्रोसेसर आहे, रॅम आहे, साठवणीची जागा आहे आणि पोटात ऑपरेटिंग सिस्टिम आहे. बऱ्याचदा ती लिनक्सच असते. "आपण काही लिनक्स वापरत नाही बा" म्हणणाऱ्याच्या घरी ते कोपऱ्यात लुकलुकत असतं, आणि खिशात अँड्रॉइड फोन असेल तर तिथेही लिनक्सच. २०१७ चा तो बटणांचा जिओफोनसुद्धा काईओएसवर चालायचा आणि काईओएसच्या तळाशी पुन्हा लिनक्स.

तर २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. पुढच्याच वर्षी सिस्कोने ही कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली. आणि मग काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं की डब्यात लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना सांगतो की घ्या, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याला मूळ कोडही द्या. हे कोड तर कुठे दिलेलं नव्हतं. ओरड झाली आणि २००३ मध्ये कोड बाहेर आलं.

त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातला 'डब्ल्यूआरटी' आला तो त्या डब्यावरूनच. कंपनीला विकायचं होतं एक साधं यंत्र, आणि लोकांनी त्यातून काय काढावं? कुणी नेटच्या वेगाचे वाटे पाडले, कुणी दोन इमारती जोडल्या, कुणी सिग्नलची ताकद वाढवली.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. २००५ च्या सुमाराला कंपनीने पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून दुसरी सिस्टिम घातली, आणि रॅम नि फ्लॅश दोन्ही निम्म्यावर आणलं. रॅम १६ एमबीवरून ८ आणि फ्लॅश ४ वरून २. मालाची किंमत वाचली, पण गिऱ्हाईक रुसलं. शेवटी जुनंच यंत्र 'डब्ल्यूआरटी५४जीएल' नावाने परत आणावं लागलं. 'एल' फॉर लिनक्स. दुकानदाराने साधा तांदूळ पुढे करावा आणि गिऱ्हाइकाने हटून आपला नेहमीचा वाणच मागून घ्यावा, तसं झालं. तो 'एल'वाला राऊटर पुढे दहा वर्षांहून जास्त विकला गेला.

२०२४ मध्ये वर्तुळ पुरं झालं. ओपनडब्ल्यूआरटीने बनाना पाय या मंडळींकडून स्वतःचाच राऊटर बनवून घेतला. नाव 'ओपनडब्ल्यूआरटी वन', रॅम १ जीबी. निळ्या डब्याच्या ६४ पट.

कृती: दारूची, तीही राऊटरात

ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या आवृत्त्यांना कॉकटेलची नावं असत: व्हाइट रशियन, कामिकाझे, बॅकफायर, पुढे केऑस कामर. नुसतं नाव देऊन थांबले नाहीत. राऊटरमध्ये लॉगिन केलं की पडद्यावर त्या पेयाची कृती उमटायची, कुठली दारू किती आणि वर काय घालायचं तेही. नंतर हा शौक संपला आणि नुसते वर्ष-महिन्याचे आकडे उरले. आपल्याकडचं कोणी असतं तर एकेका आवृत्तीत सावजीची कृती दिली असती, आणि ८ एमबीत मसाल्यांची यादीच मावली नसती.

८ एमबी हा आकडा थट्टेचा नाही. बऱ्याच स्वस्त राऊटरांत साठवणीची जागा एवढीच असते. फोनवर काढलेले दोन-तीन फोटो, तेवढ्या जागेत अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, फायरवॉल आणि सेटिंगची वेबपानं.

वीट

राऊटरमध्ये नवीन फर्मवेअर चढवताना लाइट गेली तर तो ना जुना राहतो ना नवा. दिवे लागतात, बोलत काही नाही. या धंद्यात त्याला 'ब्रिक झाला' म्हणतात, म्हणजे वीट झाली. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर निदान विठोबा उभा राहिला. माझ्या विटेवर दोन महिने पाण्याचा तांब्या उभा होता.

मग कळलं की पुष्कळ राऊटरांच्या पोटात फर्मवेअरच्याही खाली एक छोटा रखवालदार असतो, बूटलोडर. रीसेटचं बटण दाबून धरून राऊटर चालू करायचा. काही मॉडेलांत हा रखवालदार केबलने जोडलेल्या लॅपटॉपला एका ठरावीक पत्त्यावर हाक मारतो आणि ठरलेल्या नावाची फाइल मागतो. नावात एक अक्षर चुकलं तरी तो घेत नाही. रात्री साडेअकराला सहाव्या प्रयत्नात माझ्या विटेने फाइल गिळली आणि दिवा हिरवा झाला. घरात सगळे झोपले होते. सांगू कुणाला?

तळघरातलं लाइट बिल

लिनक्स सोडूनही एक गोतावळा आहे, बीएसडीचा. नेटबीएसडीवाल्यांची ख्याती अशी की ते काहीही चालवतात. २००५ मध्ये एक पावाचा टोस्टर नेटबीएसडीवर चालवून दाखवला होता. प्लेस्टेशन ४ च्या पोटात फ्रीबीएसडीची संतती आहे.

ओपनबीएसडीवाले त्यातले कर्मठ. संस्थापक थिओ डी राड्ट, बोधचिन्ह काटे फुगवलेला मासा, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि कैक आवृत्त्यांसोबत खास गाणंही. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित शिरण्यासाठी सगळं जग वापरतं ते ओपनएसएसएच यांनीच दिलं. अशा लोकांवर २०१४ च्या सुरुवातीला काय वेळ यावी? कॅनडात थिओच्या घरच्या तळघरात जुनी-नवी यंत्रं रांगेने चालू, आणि वर्षाचं लाइट बिल सुमारे २० हजार डॉलर. ते भरायला पैसे नव्हते म्हणून जाहीर हाक द्यावी लागली. देणगीदार मिळाला आणि मीटर तुटता तुटता राहिलं. थकलेलं बिल ही फक्त आपल्याकडचीच गोष्ट नाही, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

गुरुजींचं भूत

अँड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवायला मिनिक्स नावाची छोटी सिस्टिम लिहिली. तीच वापरता वापरता लिनसने लिनक्स लिहिलं. १९९२ मध्ये गुरुजींनी लिनक्सला कालबाह्य ठरवलं आणि जाहीर खडाजंगी झाली. जिंकलं कोण? २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या तेव्हाच्या नव्या चिपसेटमध्ये एक लपलेला छोटा प्रोसेसर असतो आणि त्यात मिनिक्स चालतं. गुरुजींनाही ही बातमी तेव्हाच कळली. त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं, कळवलं असतं तर बरं झालं असतं अशा सुरात. म्हणजे त्या काळच्या इंटेल लॅपटॉपात वर विंडोज असो की लिनक्स, तळघरात मिनिक्स.

कानवाले लॅपटॉप, कर्जतजवळ

२००७ मध्ये 'एक मूल, एक लॅपटॉप' हा प्रकल्प भारतात पहिल्यांदा आला तो दिल्ली-बंगळुरूत नव्हे, तर रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्यात. एकशिक्षकी शाळा, वीस-बावीस मुलं. हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप, त्यात फेडोरा लिनक्सवर 'शुगर' नावाचा मुलांसाठीचा पडदा, आणि रॅम जेमतेम २५६ एमबी. पडदा उन्हात वाचता यायचा. वरचे दोन हिरवे कान उघडले की त्या अँटेना. प्रत्येक लॅपटॉप स्वतःच राऊटर, शेजारच्याचा निरोप पुढच्याला पोचवायचा, मूल झोपी गेल्यावर लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर निजला तरीही. लॅपटॉप आणि राऊटर ही माझ्या टेबलावरची दोन वेगळी यंत्रं त्या धनगरवाड्यात एकाच डब्यात होती.

गोव्यातही 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांत बसवून त्यांवर लिनक्स चालवलं होतं.

लोहित म्हणजे लाल

लिनक्सवर देवनागरी वाचलीत तर 'लोहित' हा फाँट कधी ना कधी डोळ्यांखालून गेलाच असेल. २००४ मध्ये तो रेड हॅटने दिला. 'लोहित' म्हणजे लाल, आणि कंपनीचं नाव लाल टोपी. पुण्याच्या कचेरीतल्या लोकांनी पुढे तो बराच सांभाळला. आपला 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचे असतात, म्हणून आधी मराठीचा लोहित वेगळाच होता. पुढे सगळे एका लोहित देवनागरीत आले आणि भाषा सांगितली की वळण बदलू लागलं. 'दऱ्या'मधला तो आडवा र? तो नीट उमटला नाही तर दऱ्यांचा दर्या होतो आणि सह्याद्री बुडतो.

आणि ते घड्याळ

सुरुवातीच्या सेलकडे परत येतो. पोरीच्या लॅपटॉपातला सेल मेलेला होता. त्यामुळे लॅपटॉप कित्येक वर्षं मागच्या तारखेला उठायचा आणि प्रत्येक वेबसाइटला खोटी ठरवायचा, कारण त्याच्या हिशेबी त्यांची प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती. नवा सेल घातला आणि तक्रार संपली.

राऊटरात मात्र बहुधा असा सेल नसतोच. लाइट गेली की वेळ गेली. ओपनडब्ल्यूआरटी यावर एक भोळी युक्ती करतं. उठल्यावर सेटिंगच्या फोल्डरातली सगळ्यात ताजी फाइल कधीची आहे ते बघतं आणि तीच आजची तारीख धरून चालतं. मी वायफायचा पासवर्ड शेवटचा बदलला तो तान्ह्या पोळ्याला. तेव्हापासून दर वेळी लाइट येते तेव्हा राऊटर पोळ्यातच उठतो, नंदीबैलांच्या गर्दीत थोडा वेळ चाचपडतो, नेट आलं की जगाला खरी वेळ विचारतो आणि एका उडीत होळीवर येतो.