अर्ध्या फेऱ्याची चूक

बालाघाटहून नैनपूरकडे जाताना लामता हे आमचे गाव लागते. अडीच फुटी रुळांवरून धावणारी सातपुड्याची छोटी आगगाडी एके काळी येथूनच जात असे. आता तेथे रुंद रूळ आले आहेत. गावात मोटारींचे कौतुक उरलेले नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात आमच्या अंगणात एक तांबडी, बुटकी, दोनच माणसांची मोटार येऊन उभी राहिली, तेव्हा शेजारची मुले तिच्याभोवती तासभर हटेनात.

ती होती एमजीए. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९५५ पासून १९६२ पर्यंत ही शर्यती बांध्याची मोटार तयार होत असे. आमच्या स्नेह्यांना ती वडिलांकडून मिळालेली. जबलपूरहून नागपूरला जाताना ते वाट वाकडी करून आमच्याकडे दोन दिवस राहिले होते. सोमवारी सकाळी नागपुरास त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती आणि रविवारी सायंकाळपर्यंत त्यांना तेथे पोहोचणे अगत्याचे होते.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी इंजिनाचे झाकण उघडले. प्लगकडे जाणाऱ्या वायरी जुन्या होऊन तडकल्या होत्या. नव्या त्यांनी बरोबर आणल्याच होत्या. माणूस मोठा पद्धतशीर. मोटारीचे पुस्तक पुढे ठेवून, त्यातील आकृतीप्रमाणे, त्यांनी एकेक वायर जागच्या जागी बसविली. रविवारी पहाटे स्टार्टर दाबला. इंजिन फिरले, कार्बोरेटरमधून दोनदा फटफट आवाज आला, पण मोटार काही चालू होईना. पेट्रोल येत होते, प्लगवर ठिणगीही पडत होती. काल धडधडत आलेली गाडी पुस्तकाबरहुकूम काम करताच मुकी व्हावी, याचा उलगडा आम्हा कोणासच होईना.

शेवटी बालाघाटहून एका वयोवृद्ध मिस्त्रींना आणविले. त्यांचा जन्म ॲम्बॅसडर मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला. ही विलायती मोटार त्यांना कशी उमगणार, अशी शंका आमच्या मनात आली. परंतु इंजिनाकडे पाहताच ते हसले. "साहेब, हे तर आमच्याच घरातलं," ते म्हणाले. आणि ते खरेच होते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत ॲम्बॅसडर तयार झाली. तिला अनेक वर्षे बसविलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि एमजीएचे सुरुवातीचे इंजिन ही एकाच कुळातील भावंडे. शर्यती मोटारीला दोन कार्बोरेटर असतात, एवढाच काय तो डोळ्यांत भरणारा फरक.

मिस्त्रींनी प्रथम चारही प्लग काढले. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवला आणि टॉप गिअरमध्ये घातलेली मोटार आमच्या मुलांकडून हळूहळू ढकलवून घेतली. आतील हवेने अंगठा उडविला आणि पुलीवरील खाच खुणेशी आली, तशी त्यांनी मुलांना थांबविले. डिस्ट्रिब्युटरचे झाकण उचलले. आतील रोटरचे तोंड पहिल्या वायरीकडे असावयास हवे होते. ते होते नेमके समोरच्या, चौथ्या वायरीकडे!

हे कसे घडते ते वाचकांना थोडक्यात सांगतो. अशा इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे अशी चार कामे होईपर्यंत क्रँक दोन फेरे घेते, तर कॅमशाफ्ट एकच. म्हणून पुलीवरील खाच दोनदा खुणेशी येते: एकदा दाब पूर्ण होताना, आणि एकदा धूर बाहेर पडून संपताना. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. डिस्ट्रिब्युटर फिरविणारा लहान गिअर बसविताना नुसती खाच पाहिली, अंगठ्याने दाब पाहिला नाही, तर तो अर्ध्या फेऱ्याने उलटा बसू शकतो. दात्यांना काय, ते दोन्हीकडे सारखेच जुळतात.

पूर्वी कोणा कारागिराने इंजिन खोलले असता हेच झाले होते. चूक लक्षात आल्यावर त्याने गिअर काढला नाही. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. त्याने पहिली वायर चौथीच्या जागी, चौथी पहिलीच्या जागी, तशीच दुसरी व तिसरी यांची अदलाबदल केली आणि गाडी उत्तम चालू लागली. मालकाला त्याने काही सांगितले नाही. पुढे ज्याने पुस्तकावर विश्वास ठेवला, तो फसला.

मिस्त्रींनी वायरी तशा बदलल्या आणि पाच मिनिटांत मोटार गुरगुरू लागली. आमच्या स्नेह्यांचा जीव भांड्यात पडला. "झालं, मिस्त्री! आता असंच राहू द्या, मला निघालं पाहिजे."

मिस्त्रींनी इंजिन बंद केले. "निघाल तर खरं, साहेब. पण उद्या दुसरा कोणी पुस्तक बघून वायरी लावील, तो तुमच्यासारखाच डोक्याला हात लावून बसेल. मला एक तास द्या."

आमच्या स्नेह्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग मिस्त्रींकडे, आणि ते ओट्यावर बसले.

डिस्ट्रिब्युटर बाहेर निघाला. गिअरच्या माथ्यावरील आट्यांत एक लांब बोल्ट फिरवून मिस्त्रींनी तो अलगद वर ओढला. पुन्हा अंगठ्याने दाब पाहिला. टॅपेट कव्हर काढून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत, हेही डोळ्यांनी पाहिले. मग गिअर खाली सोडला. त्याचे दाते तिरके असल्याने बसताना तो थोडा वळतो, म्हणून तेवढा आधीच मागे धरावा लागतो. दोनदा तो मनासारखा बसला नाही, दोनदा त्यांनी वर घेतला. तिसऱ्यांदा खाच बरोबर जागी आली. वायरी पुस्तकाप्रमाणे लागल्या, टायमिंग जुळविले गेले आणि पहिल्याच दाबाला इंजिन चालू झाले.

निघण्यापूर्वी आमच्या स्नेह्यांनी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर तारीख घालून काय चुकले होते व काय सुधारले ते लिहून ठेवले. मिस्त्रींनी ते वाचावयास मागितले आणि समाधानाने मान हलविली.

चूक कोणाच्याही हातून होते. त्या पहिल्या कारागिराला आम्ही त्याबद्दल दोष देत नाही. परंतु चूक झाकून काम चालते केले, की तिचा भार आपल्या पाठीवरून उतरून न पाहिलेल्या माणसाच्या पाठीवर जातो. आपल्या घरांत, हिशेबांत, नात्यांत अशा किती वायरी आपण गुपचूप बदलून ठेवल्या असतील, याचा विचार त्या दुपारी आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

रात्री नागपुराहून फोन आला. मोटार वेळेवर पोहोचली होती, आणि मातोश्री मुलाची वाट पाहत दारातच बसल्या होत्या.